प्रदर्शन-कॅटलॉगांच्या संग्रहात वारली चित्रकारांची नावे नोंदवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. कुलगुरू महोदय
(मार्फत : मा. ग्रंथपाल, विद्यापीठ ग्रंथालय)

विषय : ग्रंथालयातील आधुनिक कलेच्या प्रदर्शन-कॅटलॉगांची सूची दुरुस्त करणे, त्यांचे जतन करणे आणि ते डहाणू-तलासरीच्या चित्रकारांना पाहण्यास खुले करणे.

संदर्भ : १) आमची यापूर्वीची निवेदने व स्मरणपत्रे (पोच सोबत जोडली आहे). २) ग्रंथालयात झालेल्या भेटींत मिळालेली तोंडी आश्वासने.

महोदय,

आम्ही डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील चित्रकार, कलाशिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी व वाचक आहोत. या संग्रहाविषयी आम्ही पूर्वीही लिहिले, भेटी घेतल्या, पोच घेतली. लेखी उत्तर एकदाही आले नाही. सूचीकरणाचे आणि जतनाचे नियम आपल्या कार्यालयाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहेत, त्यामुळे ते इथे पुन्हा उतरवत नाही.

हा संग्रह मुंबई-दिल्लीच्या कलादालनांचा, त्याच्याशी डहाणूचा काय संबंध, असे मागच्या भेटीत आम्हांला विचारण्यात आले. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसावा. पण हा प्रश्न ज्या ग्रंथालयात विचारला गेला, त्याच ग्रंथालयाच्या कपाटात त्याचे उत्तर आहे. म्हणून तो संबंध एकदा लेखी मांडतो.

आमच्याकडे चौक लिहिण्याचे काम सवाशिणींचे. लग्नघराच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, त्यात पालघाट देवी बसवायची, धवलेरीने, म्हणजे लग्न लावणाऱ्या पुजारणीने, गाणी म्हणायची. लग्न उरकले, पावसाळा गेला की भिंत पुन्हा सारवली जाते आणि चित्र सारवणाखाली जाते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी आमच्या पाड्यांवर आले, त्यांनी बायकांना कागद आणि पांढरा रंग दिला. त्याच सुमारास गंजाडच्या कळंबीपाड्यावरचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. १९७५ साली त्यांची चित्रे मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीतील केमोल्ड कलादालनात लागली. पुढच्याच वर्षी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने भरवलेल्या ‘माजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनात जगभरातल्या सुमारे शंभर कलावंतांमध्ये ते होते. त्याच प्रदर्शनात इंग्लंडचे रिचर्ड लाँगही होते. ते प्रदर्शन रचणारे जाँ-उबेर मार्तँ पुढे जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या कुन्स्ट पालास्ट संग्रहालयाचे संचालक झाले आणि २००३ साली तिथे लाँग व म्हसे या दोघांचेच ‘डायलॉग’ नावाचे प्रदर्शन झाले. त्याआधी १९९८ साली दिल्लीच्या शिल्प संग्रहालयात ज्योतींद्र जैन यांनी ‘अदर मास्टर्स’ मांडले, त्यात देशभरातले पाच कलावंत होते आणि त्यांतले एक म्हसे होते. २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री त्यांना मिळाली. २०१८ साली ते गेले.

ही सगळी हकिकत आपणांस सांगण्याचे कारण एकच. या प्रवासातली चित्रे आमच्याकडे राहिलेली नाहीत. भिंतीवरची सारवणात गेली. कागदावरची आणि शेण लावलेल्या कापडावरची कलादालनांतून संग्राहकांकडे, संग्रहालयांत आणि बरीचशी परदेशी गेली. त्या पहिल्या वीसेक वर्षांतले काम आज गंजाडमध्ये, वाकीत, तलासरीच्या कुठल्याही पाड्यावर शोधायला गेलात तर हाताला काही लागणार नाही. ते कसे होते हे दाखवणारी वस्तू म्हणजे तेव्हाचे कॅटलॉग : कुठे जाड पुठ्ठ्याचे पुस्तक, कुठे चार पानांची घडीपत्रिका, कुठे नुसते आमंत्रणपत्र आणि मागे चित्रांची यादी. चित्राचे नाव, साल, माप, माध्यम आणि ज्याने काढले त्याचे नाव एवढ्या पाच गोष्टी त्यात असतात. दुसरीकडे कुठेच नसतात. इथल्या पोरांना आपल्या आजा-आजीचे काम पाहायचे असेल तर त्यांना आपल्या ग्रंथालयाशिवाय जवळची जागा नाही.

आता मुख्य तक्रार.

आपल्या सूचीत आमच्या माणसांची नावे नाहीत.

संगणकावरच्या सूचीत ‘म्हसे’ टाकले तर काही निघत नाही. ‘माशे’ टाकले तरी नाही, रोमन लिपीत टाकले तरी नाही. म्हणजे कॅटलॉग नाहीत असे नव्हे, ते आहेत. ‘अदर मास्टर्स’ची नोंद संपादकाच्या नावाने आहे. मुखपृष्ठाच्या आत ज्या पाच जणांच्या नावांवर ते पुस्तक उभे आहे, त्यांतले एकही नाव नोंदीत उतरलेले नाही. पॅरिसच्या कॅटलॉगची नोंद संग्रहालयाच्या नावाने आहे. सगळ्यांत जिव्हारी लागते ती ‘डायलॉग’ची नोंद. ज्या प्रदर्शनात दोनच कलावंत होते आणि दोघांची नावे सारख्या मानाने छापलेली होती, त्या प्रदर्शनाचे पुस्तक आपल्या सूचीत एकट्या रिचर्ड लाँग यांच्या नावावर आहे. म्हसे यांचे नाव त्या नोंदीत शोधूनही सापडत नाही. जर्मनीतल्या संग्रहालयाला जे जमले ते इथून एका लोकलच्या अंतरावर असलेल्या ग्रंथालयाला का जमू नये, हे आम्हांला खरोखर समजत नाही.

पातळ घडीपत्रिकांचे तर याहून वाईट आहे. त्या ‘संकीर्ण पुस्तिका’ या एकाच नोंदीखाली गठ्ठ्याने टाकल्या आहेत. त्या गठ्ठ्याला एक दाखल क्रमांक, पुढे अंदाजे संख्या, आणि शेरा : ‘लोककला, वारली, कलाकार अनामिक’. आमच्यातल्या एका कलाशिक्षकांना एकदा कर्मचाऱ्यांच्या मेहरबानीने तो गठ्ठा उघडून पाहता आला. आत बहुतेक पत्रिकांवर चित्रकारांची नावे स्वच्छ छापलेली होती, काहींवर गावही होते. छापणाऱ्याने नाव दिले, ग्रंथालयात येताना ते गळाले. हा अनामिकपणा आमच्या चित्रकारांचा नाही, नोंद करणाऱ्या टेबलाचा आहे.

वर्गांकाबद्दलही बोलले पाहिजे. मुंबईच्या ज्या चित्रकारांचे कॅटलॉग त्याच काळात, काही तर त्याच कलादालनातून आले, ते ७५९ मध्ये म्हणजे चित्रकलेत बसले आहेत. आमचे ७४५ मध्ये, हस्तकलेत, बांबूकाम आणि भरतकामाशेजारी. बांबूकामाला आम्ही कमी मानत नाही, आमच्या घराघरांत ते चालते. पण एकाच दालनात, एकाच भिंतीवर लागलेली दोन चित्रे ग्रंथालयात येताच दोन निरनिराळ्या मजल्यांवर जातात, तेव्हा आधुनिक भारतीय चित्रकलेचा अभ्यास करणारा विद्यार्थी पहिल्या मजल्यावरूनच परत जातो. त्याच्या प्रबंधात डहाणू येत नाही. मग तो प्रबंध वाचून पुढचा विद्यार्थी लिहितो आणि त्यातही येत नाही.

बायकांच्या बाबतीत हे नुकसान भरून येण्यासारखेही नाही. ही कला मुळात त्यांची. पुरुषांची नावे निदान पुरस्कारांमुळे वर्तमानपत्रांत आली. सुरुवातीच्या काळात ज्या बायकांनी कागदावर चित्रे काढली त्यांची नावे फक्त त्या घडीपत्रिकांच्या यादीत असतील. त्या बायकांपैकी फार थोड्या आज हयात आहेत. त्यांना त्यांचे छापलेले नाव दाखवायचे असेल तर ते आत्ताच दाखवावे लागेल. आपल्या कार्यालयाच्या ‘यथावकाश’मध्ये हे बसत नाही.

नाव नसण्याचे परिणाम व्यवहारातही होतात. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही साड्यांवर, टाइल्सवर, हॉटेलांच्या भिंतींवर आमच्या चित्रकारांच्या रचना जशाच्या तशा उचलल्या जातात. उचलणारा म्हणतो, ही परंपरा आहे, कोणा एकाची नाही. तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारा नाच ही परंपरा आहे, हे खरे. पण अमुक वळणाचा, अमुक गर्दीचा नाच अमुक साली अमुक माणसाने काढला, हे दाखवायला तारीख असलेला छापील पुरावा लागतो. तो पुरावा आपल्या गठ्ठ्यात ‘अनामिक’ म्हणून बांधून ठेवलेला आहे.

हे सर्व आम्ही पहिल्या निवेदनातही लिहिले होते. तेव्हा ‘दिवाळीनंतर सूचीकरणाचे काम हाती घेऊ, तुमच्यातले दोघे जण नावे ओळखायला बोलावू’ असे सांगण्यात आले. आम्ही दोन नावे कळवली. बोलावणे आले नाही. स्मरणपत्र दिल्यावर ‘संगणक प्रणाली बदलते आहे, ती झाली की नोंदी आपोआप सुधारतील’ असे कळले. प्रणाली बदलली, नोंदी जशा होत्या तशाच नव्या पडद्यावर आल्या. छापील पानावरचे नाव माणसाने वाचून टाइप केल्याशिवाय कुठल्याही प्रणालीत येत नाही.

संग्रहाच्या अवस्थेबद्दल थोडक्यात. घडीपत्रिकांच्या टाचण्या गंजून कागद तपकिरी पडला आहे आणि चकचकीत कागदाची पाने ओल धरून एकमेकांना चिकटली आहेत. अशी पाने ओढून सोडवली की वरचा छापील थर दुसऱ्या पानावर निघून जातो, म्हणजे चित्रच जाते. पावसाळ्यापूर्वी पोलादी कपाटे येतील, असे सांगितले गेले होते. पावसाळा होऊन गेला. गठ्ठे अजून खिडकीखालच्या लाकडी मांडणीवर आहेत.

प्रवेशाचेही तसेच. तलासरीच्या पाड्यावरून निघालेला माणूस आधी एसटी किंवा रिक्षा, मग डहाणू रोडहून लोकल, असा पोचतो. दारावर त्याच्याकडे संशोधकाचे ओळखपत्र मागितले जाते. ज्याच्या घरच्यांची चित्रे आत आहेत, त्याला बाहेरची व्यक्ती ठरवून परत पाठवले जाते. महिन्यातला एक शनिवार चित्रकारांसाठी ठेवू, हे आश्वासनही याच ग्रंथालयात मिळाले होते.

हे काम अशक्य कोटीतले नाही. हाँगकाँगच्या एशिया आर्ट अर्काइव्हने भारतीय कलेची कागदपत्रे, घडीपत्रिकांसकट, एकेक कलावंताच्या नावानिशी नोंदवून जगाला खुली केली आहेत. आपल्याकडे तर कागदही आहे आणि नावे ओळखणारी माणसेही एका फोनवर यायला तयार आहेत.

तरी आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. संग्रहातील ज्या ज्या कॅटलॉगात, घडीपत्रिकेत वा आमंत्रणपत्रात वारली चित्रकारांचे काम आहे, त्या प्रत्येकाची स्वतंत्र नोंद करावी. नोंदीत छापलेल्या प्रत्येक चित्रकाराचे पूर्ण नाव, गाव-पाडा दिला असल्यास तोही, देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत घालावा. एकाच नावाची वेगवेगळी लेखने परस्परांना जोडावीत, म्हणजे ‘म्हसे’ शोधणाऱ्याला ‘माशे’ही सापडेल. ‘कलाकार अनामिक’ हा शेरा, जिथे खरोखर नाव छापलेले नाही तिथेच राहावा, आणि तिथेही छायाचित्र पाहून माणूस ओळखता येतो का हे इथल्या वडीलधाऱ्यांना विचारून मगच. ‘डायलॉग’ची नोंद दोन्ही कलावंतांच्या नावे तातडीने दुरुस्त करावी, त्याला कुठल्याही समितीची गरज नाही. कलादालनांतून आलेले कॅटलॉग चित्रकलेच्या वर्गात घ्यावेत. या कामासाठी आमच्यातल्या जाणत्या चार व्यक्तींना, त्यांत किमान दोन स्त्रिया, प्रवासखर्च देऊन बोलवावे.

२. चिकटलेली पाने जाणकाराकडूनच सोडवून घ्यावीत, तोवर गठ्ठे खिडकीखालून हलवावेत.

३. महिन्यातून एक शनिवार चित्रकारांना ओळखपत्राच्या अटीशिवाय प्रवेश द्यावा.

४. स्कॅन प्रतींचा एक संच डहाणूत, सार्वजनिक ठिकाणी ठेवावा.

दुसरी, तिसरी आणि चौथी मागणी निधीअभावी मागे पडली तर आम्ही समजून घेऊ, थांबू. पहिल्या मागणीला प्रवासखर्चापलीकडे निधी लागत नाही. एक माणूस, एक टेबल आणि रोजचे दोन तास लागतात. म्हणून तिच्याबाबत तोंडी आश्वासन आम्ही यापुढे घेणार नाही. काम कोणाकडे दिले, कधी सुरू होणार आणि कधी संपणार, हे तीस दिवसांत लेखी कळवावे. न कळवल्यास माहितीच्या अधिकारात या संग्रहाची दाखल नोंदवही मागवू, मा. कुलपतींकडे दाद मागू आणि ग्रंथालयाच्या दारात सनदशीर मार्गाने धरणे धरू. तशी वेळ आपण येऊ देणार नाही, असा विश्वास आहे.

आमच्यातल्या वयस्क चित्रकार बायका अजून प्रवास करू शकतात. पहिल्या शनिवारची तारीख त्यांना कळवता येईल अशा बेताने आपले उत्तर यावे, ही नम्र विनंती.

आपले,
डहाणू व तलासरी तालुक्यांतील चित्रकार, कलाशिक्षक, विद्यार्थी व वाचक
(सह्या व अंगठे सोबतच्या पानांवर)

स्थळ : डहाणू, जि. पालघर

प्रत माहितीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, पालघर
मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, डहाणू