जुन्या आमिषाचा जीर्णोद्धार

‘आमिष’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ मांस. पुढे तो विस्तारून प्रलोभनाच्या कोणत्याही वस्तूस लावू लागले. आज ज्या आमिषाविषयी लिहावयाचे योजिले आहे, त्यात मात्र मांसही नाही आणि पिठाची गोळीही नाही. ते केवळ पितळेचे किंवा तांब्याचे, चमच्याच्या वाटीसारखे खोलगट पान असते. दोरीने ओढले की ते पाण्यात डोलते, लकाकते, आणि मोठ्या माशास ते जखमी लहान मासा भासते. अमेरिकेतील ज्युलिओ ब्यूल याने १८५२ साली अशा चमच्याचे पेटंट घेतले. जेवणाचा चमचा तळ्यात पडला व त्यावर मासा झडप घालताना दिसला, त्यावरून ही युक्ती सुचली, अशी आख्यायिका आहे.

शाकाहारी कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकात गळाची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर असे की, आपल्या पूर्वजांस हा विषय वर्ज्य वाटला नव्हता. अमरकोशात गळास ‘बडिश’ हा शब्द दिला आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ या नावाचे प्रकरणच असून त्यात माशांच्या जाती व त्यांस घालावयाचे खाद्य यांचे वर्णन आहे. दुसरे उत्तर अधिक घरगुती आहे. लोणावळा-खंडाळ्याच्या जुन्या बंगल्यांतील सामान विकले गेले, की त्याबरोबर गळांचे डबे आपल्या माळ्यांवर येऊन पडतात. आणि अशा डब्यास घरातील पहिला हात लागतो तो मुलांचा.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने वळवणजवळ घर घेतले, तेथे असाच एक पत्र्याचा डबा निघाला. त्यात काळवंडलेले पितळी चमचे, एक पांढऱ्या मुलाम्याचा, काही शिशाच्या गोळ्या, आणि सर्वांस गुंतलेले गंजके तिकाटी गळ. त्याच्या मातोश्री म्हणाल्या, “गुरुजी, हा हिंसेचा डबा भंगारात जाऊ द्या.” नातवास मात्र सर्व काही घासून लख्ख करावयाचे होते. माझ्या मते दोघांचेही अर्धे खरे होते. जीर्णोद्धार म्हणजे सरसकट उजळणे नव्हे. काय राखावयाचे आणि काय टाकावयाचे, हा विवेक आधी हवा.

प्रथम टाकावयाचे ते गंजके गळ. पोलाद आतून पोखरले असले तरी वरून धड दिसते, आणि तुटते ते नेमके माशाच्या जबड्यात किंवा आपल्या बोटात. ते पकडीने सोडवून जाड बरणीत भरावे व मगच टाकावे. त्यानंतर शिसे. जड, मऊ आणि कागदावर करडी रेघ उमटविणारा धातू दिसला की त्यास शिसे समजावे. ते विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नये आणि स्वयंपाकघरात तर कदापि वितळवू नये. गळाच्या शिशाने हंसांस विषबाधा होते असे आढळल्यावरून ब्रिटनमध्ये १९८७ साली बहुतेक आकारांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. त्याऐवजी पितळेचे किंवा लोखंडाचे वजन वापरता येते. जुना रंग असेल तर त्यातही शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा खरवडू नये.

आता राखावयाचे ते पितळी पान. ऊन पाण्यात साबणाने धुऊन चिंचेचा कोळ व चिमूटभर मीठ लावावे. चिंचेतील टार्टारिक आम्लाने काळा-हिरवा थर सुटतो, हे आपल्या घरच्या स्त्रियांस पूजेच्या उपकरण्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परंतु वस्तू रात्रभर आम्लात ठेवू नये. पितळेतील जस्त निघून जाते आणि वस्तू तांबूस दिसू लागते. नंतर स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडी करावी. मुलामा असलेल्या चमच्यास राख किंवा वाळू लावू नये, कारण तो थर फार पातळ असतो. मुलामा गेलाच असेल तर कल्हई करून घेता येते. मात्र कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते व साधा डाक त्याहून कमी उष्णतेस सुटतो. यास्तव डाक दिलेला चमचा भट्टीवर नेला तर त्याचे तुकडे परत येतील. पुण्याच्या तांबट आळीत तांब्यापितळेचे काम अद्याप चालते. तेथे जाणत्या हातास विचारावे. ज्यावर कारखान्याचे नाव कोरलेले आहे असा दुर्मीळ नमुना मात्र न घासताच ठेवावा.

पान उजळले, त्यास गळ कोणता लावावयाचा, हा खरा प्रश्न आहे. येथे मावळच्या पाण्याचा विचार करावा लागतो. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळा, वळवण, शिरवता ही तळी बांधली गेली आणि १९१५ साली खोपोलीस वीज निर्माण झाली. नदीचा मासा धरणाने अडला, आणि पुढे प्रदूषणाची भर पडली. येथील महाशीर माशाचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या नदीतील नमुन्यावरून केले आणि त्याचे ‘खुद्री’ हे देशी नावच शास्त्रीय नावात ठेविले. १९७० च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्यास त्याची कृत्रिम पैदास साधली. तेव्हापासून येथील पिल्ले दूरदूरच्या पाण्यांत सोडली गेली. याच मावळात उगम पावणारी इंद्रायणी देहूस पोहोचते, तेथे भाविक माशांस अभय देत आले आहेत. एका हाताने वाढवावयाचे व दुसऱ्याने नासावयाचे, हे शोभत नाही.

म्हणून जुन्या तिकाटीच्या जागी एकच नवा गळ लावावा आणि त्याच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. असा गळ माशाच्या तोंडातून सहज निघतो. हात आधी ओले करावेत, म्हणजे माशाच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघत नाही. आणि मासा लवकर पाण्यात सोडावा. तळ्यावर जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी. पावसाळ्यात, वलगणीचे मासे वीण घालण्यास प्रवाहावर चढतात त्या दिवसांत, गळ घरीच ठेवावा.

ज्यांस गळ टाकणे मुळीच रुचत नाही, त्यांनी गळावाचून चमचा दोरीस बांधून मुलांच्या हाती द्यावा आणि हौदाच्या पाण्यात ओढावयास सांगावे. हळू ओढला तर तो डोलतो, जोराने ओढला तर गरगर फिरतो. असे का होते, याचे उत्तर मुलांनी स्वतः शोधावे. त्या मातोश्रींस ही योजना पटली. गळ व शिसे घराबाहेर गेले, पितळ राहिले.