पंप घेण्याआधी घराची तयारी

मार्केट यार्ड, बिबवेवाडी, मुकुंदनगर, सॅलिसबरी पार्क या भागांतील व्यापारी कुटुंबांत सुनेला किंवा लेकीला सातवा महिना लागला की गोदभराईची लगबग सुरू होते. साडी, सुकामेवा, चांदीची वाटी, पाळणा अशी यादी तयार होते. अलीकडे या यादीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे ब्रेस्ट पंप. कोणी नणंद तो हौसेने भेट देते, कोणी परगावचा भाऊ पाठवून देतो. भेट देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु पुष्कळ घरांत तो खोका कपाटात पडून राहतो. उरलेल्या घरांत तो बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी, बाळ रडत असताना आणि चार माणसे ‘दूध येत नाही वाटते’ असे म्हणत असताना घाईघाईने उघडला जातो. त्या घटकेला पंपातून जेमतेम काही थेंब निघतात आणि बाळंतिणीचा धीर सुटतो.

माल भरण्यापूर्वी मागणी पाहावी, हे व्यापारी घराला कोणी शिकवावे लागत नाही. तोच नियम येथे लावला तर पुढचा बराच त्रास टळेल. पंप हे साधन आहे, आणि ते कोणाला, केव्हा व कशासाठी लागते हे ठरविल्याशिवाय त्याची निवड करता येत नाही. त्याआधी करावयाची तयारी मात्र प्रत्येक घराला करावीच लागते आणि तिला पैसा लागत नाही.

या तयारीचा आरंभ प्रसूतीनंतरच्या पहिल्या तासापासून होतो. जन्मानंतर एका तासाच्या आत बाळाला आईच्या अंगाशी द्यावे, पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, वरचे पाणीही देऊ नये, आणि त्यानंतर पूरक आहारासह दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पहिले दोन-तीन दिवस येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. ते थोडे असते म्हणून घरातील ज्येष्ठांना काळजी वाटते. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चहाच्या लहान चमच्याएवढे दूधही पुरते. रोगांपासून रक्षण करणारे घटक या चिकात भरपूर असतात. भरपूर दूध साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान उतरते. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असेल तर काही वेळा थोडा अधिक विलंब लागतो.

याच सुमारास जन्मघुटीचा प्रश्न येतो. अन्य घरांत बाळाला मध चाटवितात. जैन आचारात मध वर्ज्य असल्याने आपल्याकडे त्याऐवजी गुळाचे किंवा साखरेचे पाणी दिले जाते. मधाचा त्याग वैद्यकीय दृष्टीनेही योग्यच ठरतो. मधातील जंतूंमुळे एक वर्षाखालील बालकास गंभीर विषबाधा होऊ शकते. परंतु गूळपाण्याचीही गरज नाही. त्या थेंबांनी बाळाची भूक मंदावते, ते कमी ओढते आणि पुढची साखळी तेथूनच बिघडते.

ही साखळी समजून घेणे पेढीवरील माणसाला अवघड नाही. बाजारात आवक आधी होते आणि मग उठाव होतो. आईच्या दुधाचे गणित याच्या उलट आहे. जितका उठाव, तितकी आवक. स्तन जितक्या वेळा व जितका पूर्ण रिकामा होईल, तितके पुढचे दूध तयार होते. म्हणूनच सुरुवातीच्या आठवड्यांत बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजावे लागते, रात्रीही पाजावे लागते. काळजीपोटी एक बाटली वरचे दूध दिले की तेवढा उठाव घटतो. दुसऱ्या दिवशी आवक घटते, आणि मग ‘दूध पुरत नाही’ हे वाक्य खरे ठरू लागते. दूध पुरते की नाही हे बाळाच्या रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करते का, आणि पहिल्या दिवसांत थोडे घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून येते का, हे पाहावे. यांपैकी काही घडत नसेल, बाळ सुस्त असेल किंवा पाजण्यासाठी जागेच होत नसेल, तर विनाविलंब बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

मग पंपाची गरज नेमकी कोणाला? चार प्रसंग सांगता येतील. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा आजारी असून त्याला ओढता येत नाही. आई आणि बाळ काही काळ वेगळे राहतात. दूध साचून स्तन इतके ताठ होतात की बाळाला धरताच येत नाही. किंवा आईला काही आठवड्यांनी दुकानात, कचेरीत अथवा स्वतःच्या व्यवसायात परत जावयाचे असते. यांपैकी एकही प्रसंग नसेल तर पंपाविना काहीही अडत नाही. शिवाय हाताने दूध काढण्याची रीत प्रत्येक बाळंतिणीने रुग्णालयातील परिचारिकेकडून शिकून घ्यावी. चिकाचे मोजके थेंब यंत्राच्या भागांनाच चिकटून वाया जातात, तेथे हात आणि स्वच्छ वाटी हेच उत्तम साधन ठरते.

गरज असेल तर निवड पुढीलप्रमाणे करावी. कधीतरी, दिवसातून एखादे वेळी दूध काढावयाचे असेल तर हाताने दाबण्याचा साधा पंप पुरतो. तो स्वस्त असतो, धुण्यास सोपा असतो आणि विजेवर अवलंबून नसतो. रोज दोन-तीन वेळा काढावयाचे असेल तर विजेचा पंप सोयीचा. बाळ अतिदक्षता विभागात असेल आणि सगळेच दूध काढून द्यावे लागत असेल, तर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी काढणारा पंप वेळ वाचवितो व दूध टिकवून धरतो. अशा वेळी खरेदीपूर्वी रुग्णालयातील मोठा पंप वापरण्यास किंवा भाड्याने मिळतो का, हे विचारावे.

सर्वांत महत्त्वाचा, पण बहुधा दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे स्तनावर बसणारे नरसाळे. खोक्यात येणारे माप प्रत्येकीला बसेलच असे नाही. ते लहान असेल तर स्तनाग्र घासले जाते, मोठे असेल तर भोवतालची त्वचा आत ओढली जाते आणि दूधही कमी निघते. दुखणे म्हणजे पंप चांगला चालतो असे नव्हे. माप चुकल्याची किंवा ओढ जास्त ठेवल्याची ती खूण आहे. वेगळ्या मापाची नरसाळी स्वतंत्र मिळतात का, दूध मोटारीकडे किंवा नळीत जाऊ नये अशी बंद रचना आहे का, सुटे भाग व दुरुस्ती पुण्यात मिळते का, हे तीन प्रश्न दुकानात अवश्य विचारावेत. घरगुती वापराचा पंप जाऊ-नणंदांमध्ये फिरवू नये. ज्या रचनेत दूध नळीत जाऊ शकते, ती बाहेरून धुतली तरी आतून स्वच्छ होत नाही.

काढलेले दूध झाकणाच्या स्वच्छ भांड्यात ठेवावे. २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात ते सुमारे चार तास, फ्रीजच्या आतल्या भागात चार दिवसांपर्यंत टिकते. पुण्याच्या एप्रिल-मेमधील खोली २५ अंशांची नसते, म्हणून उन्हाळ्यात ते लगेच फ्रीजमध्येच ठेवावे. भांड्यावर तारीख व वेळ लिहावी आणि जुने आधी वापरावे. गॅसवर उकळू नये, कोमट पाण्यात भांडे धरावे. आणि पाजण्यासाठी बाटलीच हवी असे नाही. आजीच्या काळातील बोंडले किंवा वाटी-चमचा अधिक सहज स्वच्छ होतो आणि बाळाची अंगावर पिण्याची सवयही मोडत नाही.

पंपातून निघालेल्या दुधाचे मोल सर्वांत अधिक कोठे कळते, तर ते नवजात अतिदक्षता विभागात. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्ध पेढी सुरू झाली. आशियातील ती पहिली पेढी मानली जाते. आज पुण्यात ससून रुग्णालयातही अशी पेढी आहे. ज्या मातेला आपले बाळ पोटभर पाजूनही दूध उरते, तिचे दूध येथे स्वीकारले जाते. दात्री मातेची रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटे तापवून निर्जंतुक केले जाते आणि ते अपुऱ्या दिवसांच्या, आईचे दूध न मिळू शकणाऱ्या बालकांना दिले जाते. दानाची परंपरा असलेल्या समाजाला या दानाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. घरात पंप असेल आणि दूध उरत असेल तर एकदा पेढीकडे चौकशी जरूर करावी. मात्र तपासणीविना एकीचे दूध दुसरीच्या बाळाला परस्पर देऊ नये.

जैन घरातील बाळंतिणीपुढे आणखी दोन प्रश्न असतात. पहिला शतावरीचा. दूध वाढविण्याची बहुतेक चूर्णे शतावरीची असतात आणि शतावरी ही मुळी असल्याने ती कंदमुळांत, अनंतकायांत मोडते. नियम पाळणाऱ्या स्त्रीला ती घेताना मनाला बोचते आणि न घ्यावी तर घरचे आग्रह करतात. तिने निश्चिंत असावे. दूध वाढते ते मुख्यतः वारंवार पाजल्याने व पूर्ण रिकामे केल्याने, चूर्णाने नव्हे. अहळीव, डिंक, मूग, तूप आणि पोटभर साधे जेवण तिला पुरे आहे.

दुसरा प्रश्न तपाचा. चातुर्मासात घरात अठ्ठाई, एकासणे चालू असताना सुनेला आपण मागे राहिलो असे वाटते. ज्या स्त्रीचा रोजचा चौविहार आहे, तिला रात्री दोन वाजता बाळ पाजताना घसा कोरडा पडतो. तप यथाशक्ती करावे, ही परंपरेचीच शिकवण आहे. या काळात कोणता नियम ठेवावा आणि कोणता शिथिल करावा, हे प्रसूतीपूर्वीच डॉक्टरांशी व आपल्या साध्वीजींशी बोलून ठरवावे. मध्यरात्री एकट्या बाळंतिणीवर तो निर्णय सोडू नये.

आता पेढीविषयी. ज्यांची औषधांची किंवा बाळाच्या वस्तूंची दुकाने आहेत त्यांनी १९९२ चा शिशुदुग्ध पर्याय व दूधबाटल्यांविषयीचा कायदा माहीत करून घ्यावा. पावडरचे दूध आणि बाटल्या यांची जाहिरात, मोफत नमुने, मातांना भेटवस्तू किंवा खपासाठी प्रलोभन या सर्वांवर त्याने बंदी आहे. तसेच दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या दुकानाला मातृत्व लाभाच्या तरतुदी लागू होतात. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली. रजेनंतर मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्यासाठी वेगळी सुट्टी देणे बंधनकारक आहे. साडीच्या दालनात दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेतीला दूध काढण्यासाठी कडी लागणारी, स्वच्छ जागा हवी. ती जागा स्वच्छतागृह असू नये. गोदामाचा एखादा कोपरा, पडदा, खुर्ची आणि फ्रीजचा एक कप्पा एवढ्यात हे काम भागते. घरची सून पेढी सांभाळीत असेल तर तिला कोणता कायदा लागू नाही. तिच्यासाठी घरालाच ही सोय करावी लागेल.

श्वेतांबर परंपरेतील दशवैकालिक सूत्राच्या पाचव्या अध्ययनात मुनींनी भिक्षा कशी घ्यावी याचे नियम आहेत. त्यात एक नियम असा आहे की बाळाला अंगावर पाजीत असलेली स्त्री, रडत्या बाळाला खाली ठेवून आहार-पाणी आणावयास उठली, तर तो आहार मुनींना कल्पत नाही. दारी आलेल्या साधूसाठीही जिने मध्येच उठू नये, त्या बाळंतिणीला पाहुण्यांच्या चहासाठी, बारशाच्या यादीसाठी किंवा दुकानातील फोनसाठी उठविले जाते तेव्हा घराने क्षणभर विचार करावा. सवा महिना तिची खोली शांत ठेवणे, रात्री एकदा बाळाचे दुपटे दुसऱ्या कोणी बदलणे, तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवणे आणि ‘पुरत नाही’ हे वाक्य तिच्यासमोर न उच्चारणे, ही तयारी सासू, नवरा आणि दीर-जावांनी करावयाची आहे. ती झाली, आणि त्यानंतर पंपाची गरज उरली, तर योग्य मापाचा पंप अवश्य घ्यावा.