पोटाचं ऑपरेशन कुठलं, हे पॅकेज बघून ठरवू नका

मागच्या पावसाळ्यात रविवारची वंदना संपल्यावर एक ताई विहाराच्या पायरीवर आमच्यासाठी थांबून राहिल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन कागद होते. तिन्ही वेगवेगळ्या खाजगी दवाखान्यांचे, तिन्हींवर वजन कमी करण्याच्या उपायाचं नाव आणि खाली रुपयांचा आकडा. एकावर स्लीव्ह, दुसऱ्यावर मिनी बायपास, तिसऱ्यावर बलून. "सिस्टर, यातलं स्वस्तात चांगलं कुठलं?" एवढंच त्यांना विचारायचं होतं. बचत गटाचं कर्ज मंजूर होत आलं होतं.

ताईंचं वय ४४, उंची पाच फूट, वजन ९२ किलो. शुगर सहा वर्षांपासून. गुडघे धरलेले, त्यासाठी मेडिकलवाल्याने दिलेली दुखण्याची गोळी जवळजवळ रोज. रात्री झोपलं की छातीत जळजळ. सकाळी उठल्यावर मिश्री. हिमोग्लोबिन ८.९. यातली एकही गोष्ट त्या तीन कागदांवर लिहिलेली नव्हती. आम्हाला राग आला तो त्याचा.

"गरिबाला कसला लठ्ठपणा, ही तर बंगलेवाल्यांची दुखणी" असं आपलेच लोक म्हणतात. आमच्या वस्तीत फिरून बघा. सकाळचा गोड चहा आणि खारी, दुपारी रेशनच्या तांदळाचा भात, संध्याकाळी वडापाव, रात्रपाळीची झोप, आणि बाईला पाय मोकळे करायला जागा नाही. पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. म्हणून एकाच बाईत वजन जास्त आणि रक्त कमी असं दोन्ही सापडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या शंभरातल्या २४ बायकांचं वजन प्रमाणाबाहेर निघालं, आणि त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं. हे दोन आकडे एकत्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. मधुमेहाने बाबासाहेबांना शेवटच्या वर्षांत किती छळलं हे आपल्या घराघरांत माहीत आहे. म्हणून वजनाचं ऑपरेशन म्हणजे श्रीमंतांची हौस, असं आम्ही म्हणणार नाही. ज्याला गरज आहे त्याच्यासाठी तो खरा उपचार आहे.

गरज कोणाला, ते आधी. वजन किलोमध्ये घ्या, उंची मीटरमध्ये घ्या, वजनाला उंचीने दोनदा भागा. तो बीएमआय. ताईंचा साधारण ४० येतो. २०२२ साली या क्षेत्रातल्या दोन मोठ्या जागतिक सर्जन संघटनांनी नियम नव्याने लिहिले. ३५ च्या पुढे बीएमआय असेल तर दुसरा आजार नसला तरी ऑपरेशन सुचवावं, ३० च्या पुढे असेल आणि शुगरसारखा आजार असेल तर विचार करावा, आणि आशियाई माणसांसाठी २७.५ पासूनच बोलणं सुरू करावं, असं त्यात आहे. विमा कंपन्यांची मोजपट्टी मात्र वेगळी. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ४० च्या पुढे, किंवा ३५ च्या पुढे आणि सोबत आटोक्यात न येणारी शुगर, हृदयाचा आजार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असेल, तरच खर्च मिळतो. लग्न जमत नाही म्हणून बावीस वर्षांच्या पोरीला ऑपरेशनला नेणारे आईबापही आमच्याकडे येतात. त्यांना आम्ही चहा पाजून परत पाठवतो. लायपोसक्शन, म्हणजे चरबी ओढून काढणं, हा या विषयातलाच भाग नाही. त्याने शुगर बरी होत नाही.

आता ते तीन कागद.

बलून म्हणजे ऑपरेशन नव्हे. तोंडावाटे जठरात फुगा ठेवतात आणि बहुतेक वेळा सहा महिन्यांनी काढतात. फुगा निघाला की भूक परत येते, बऱ्याच जणांचं वजनही परत येतं. ९२ किलो आणि शुगर असलेल्या बाईने त्यासाठी कर्ज काढू नये. तो कागद आम्ही तिथेच बाजूला ठेवला.

स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून बाहेर काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी शिल्लक ठेवतात. भुकेचा संप्रेरक जास्त करून कापलेल्या भागात तयार होतो, म्हणून भूकही कमी होते. आतड्याला हात लागत नाही. पण कापलेलं परत जोडता येत नाही, आणि छातीतली जळजळ वाढू शकते, कधी नव्याने सुरू होते.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला दोन मोठे चमचे मावतील एवढी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न बाकीच्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून जातं. जळजळ असणाऱ्याला हे चांगलं, शुगरलाही चांगलं. पण ज्या भागाला वळसा घातला तिथेच लोह आणि कॅल्शियम सगळ्यात जास्त शोषलं जातं.

मिनी बायपासमध्ये दोनऐवजी एकच जोड असतो, म्हणून ऑपरेशन लवकर आटोपतं. पण त्यात बहुतेक वेळा दीड ते दोन मीटर आतडं वगळतात, आणि पित्त उलट वर येण्याची शक्यता राहते. फ्रान्समध्ये दोन्ही बायपासची तुलना झाली, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. वजन सारखंच उतरलं, पण कुपोषणाचे त्रास मिनी बायपासमध्ये जास्त दिसले. "मिनी" या शब्दाने माणूस फसतो. ऑपरेशन छोटं असेल, त्याचा परिणाम छोटा नाही.

मग वजन कशात जास्त उतरतं? फिनलंडमध्ये २४० रुग्णांना स्लीव्ह आणि बायपास अशा दोन गटांत वाटून पाच वर्षं पाहिलं. स्लीव्हवाल्यांचं जादा वजनातलं ४९ टक्के उतरलं, बायपासवाल्यांचं ५७ टक्के. ताईंचं जादा वजन ३४ किलो धरा. म्हणजे एकात साधारण १७ किलो, दुसऱ्यात १९. शुगरचंही तसंच. अमेरिकेत क्लीव्हलँडला १५० मधुमेही रुग्ण पाच वर्षं पाहिले. तीन महिन्यांची शुगर ६ किंवा त्याखाली आली ती नुसत्या औषधाने शंभरातल्या ५ जणांची, स्लीव्हने २३ जणांची, बायपासने २९ जणांची. ऑपरेशन आणि औषध यांत मोठं अंतर आहे. दोन ऑपरेशनांत तेवढं नाही. आणि शुगर जितकी जुनी, इन्सुलिन जितकं जुनं, तितकी ती जाण्याची आशा कमी, हेही डॉक्टरने सांगायला हवं.

दोन-तीन किलोंच्या फरकापेक्षा आमच्या मते महत्त्वाचं आहे ते ऑपरेशननंतर वीस-तीस वर्षं घरात काय चालणार ते.

दुखण्याच्या गोळ्यांचंच घ्या. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या बायपासनंतर खाल्ल्या तर जोडाच्या जागी जखम होते, ती फुटूही शकते. तंबाखूनेही तेच. आपल्या वस्तीत गुडघा दुखला की मेडिकलवर जाऊन "गोळी द्या" म्हणतात, कुठली हे विचारत नाहीत. ज्याला या गोळ्या सोडणं शक्य नाही, ज्याची मिश्री सुटत नाही, त्याने बायपास करून घेऊ नये. दारूचंही सांगून ठेवतो. बायपासनंतर ती झपाट्याने चढते, आणि आधी नसलेलं व्यसन नंतर लागलेली माणसं असतात.

गोळ्या जन्मभर. मल्टीव्हिटॅमिन, कॅल्शियम, डी, बी-१२, आणि पाळी येणाऱ्या बाईला लोह. स्लीव्हनंतरही लागतात, पण बायपासनंतर चुकवल्या तर किंमत जास्त मोजावी लागते. घरात पैसे कमी पडले की पहिली बंद होते ती बाईची गोळी, हे आम्ही रोज बघतो. ज्या बाईचं हिमोग्लोबिन आधीच ८.९ आहे, तिच्या लोह शोषणाऱ्या आतड्यालाच वळसा घातला आणि गोळ्या थांबल्या, तर काय होईल ते सांगायला नर्स लागत नाही. पायांना मुंग्या, दम लागणं, विसराळूपणा, हे सगळं "अशक्तपणा" म्हणून घरात चालवून घेतलं जातं. सतत उलट्या होत असतील तर बी-१ कमी पडून मेंदूवर परिणाम होतो, त्यासाठी तासाभरात दवाखाना गाठायचा.

तरुण बायकांसाठी आणखी एक. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत. पण वजन उतरलं की ज्यांना मूल होत नव्हतं त्यांनाही पटकन दिवस जातात, आणि बायपासनंतर माला-डीसारख्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. तांबी बसवून घेतलेली बरी. हे पुरुष सर्जन सांगत नाहीत, बायका विचारत नाहीत.

खाण्याचं फार अवघड नाही. रोज साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत आणि ती पावडरच्या डब्यातूनच आली पाहिजेत असं नाही. अंडी, सुकट, बोंबील, मटकी, सोयाबीनच्या वड्या चालतात. घास लहान, चावून चावून, जेवताना पाणी नाही. बायपासवाल्याने गोड चहा प्यायला तर घाम सुटून पोटात कळ येते, मग तो आपोआप सुटतो.

आमचं मत विचाराल तर सांगतो. रक्त कमी असलेल्या, गोळ्यांची आयुष्यभराची खात्री नसलेल्या वस्तीतल्या बाईने आधी स्लीव्हचा विचार करावा. जळजळ फार असेल, दुर्बिणीच्या तपासणीत अन्ननलिकेला जखमा दिसल्या, तर स्लीव्ह नको, बायपास बघावा, पण रक्त भरून काढल्यावर आणि तंबाखू सुटल्यावर. मिनी बायपास नुसता स्वस्त म्हणून तर कधीच नाही. काही सर्जन आमच्याशी यावर भांडतील, शुगरसाठी बायपासच हवा म्हणतील. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण त्यांना रुग्ण ओपीडीत दिसतो, आम्हाला तो महिन्याच्या वीस तारखेनंतर घरी दिसतो.

दवाखान्यात गेलात की पहिलं हे विचारा, "तुम्ही यातली कुठली कुठली ऑपरेशनं करता?" जिथे एकच होतं, तिथे प्रत्येकाला तेच लागतं असं सांगितलं जातं. काही सरकारी मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत ही ऑपरेशनं होतात, तिथे केस पेपर काढून सर्जरीच्या ओपीडीत चौकशी करा. महात्मा फुले योजनेत बसतं का, ते आरोग्यमित्राकडून लेखी घ्या, तोंडी नको. चांगल्या ठिकाणी जिवाचा धोका हजारात एकाच्या आसपास असतो. पण घरी आल्यावर ताप आला, नाडी १२० च्या वर गेली, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखू लागलं, तर सकाळची वाट बघू नका. टाका गळतोय असं समजून निघा. आणि आपल्या संघटनांनी मागणी करायची ती ही, की सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झालेल्याला पुढच्या गोळ्या आणि वर्षाची रक्ततपासणी तिथल्याच खिडकीवर फुकट मिळाली पाहिजे. नुसत्या मोफत ऑपरेशनच्या शिबिरांना विहाराचा हॉल देऊ नका.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदि याची गोष्ट आहे. भरपूर जेवून धापा टाकत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला हिणवलं नाही. मोजून खाण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणायला सांगितली. हळूहळू राजाचं जेवण कमी झालं, अंग हलकं झालं. ऑपरेशन करायचं ठरवणाऱ्या प्रत्येक घराला आम्ही विचारतो, तुमच्या घरात सुदस्सन कोण होणार? गोळीची आठवण कोण करणार, तपासणीला सोबत कोण जाणार? ताईंच्या घरी नवरा गप्प बसला. धाकट्या मुलीने हात वर केला.

कर्ज त्यांनी घेतलं नाही. दुर्बिणीची तपासणी सरकारी रुग्णालयात झाली. जळजळ बरीचशी दुखण्याच्या गोळ्यांची निघाली, अन्ननलिका ठीक होती. आता गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि व्यायाम चालू आहे. लोहाच्या गोळ्यांनी चार महिन्यांत हिमोग्लोबिन ११ वर आलं. मिश्रीची डबी मुलीने कुठेतरी ठेवली आहे, ताई अजून शोधतात. तिथले सर्जन दोन्ही ऑपरेशनं करतात, त्यांनी स्लीव्ह सांगितलंय. तारीख लागायची आहे.