ताबा आईकडे, सही कुणाची?

घटस्फोटानंतर मूल आईकडे राहतं आणि बाप महिन्यातून एखाददोन शनिवार भेटतो, अशी व्यवस्था आपल्या ओळखीची आहे. त्याऐवजी ताबा दोघांकडे असावा, अशी मागणी बापांच्या संघटना अनेक वर्षं करत आल्या आहेत. २०१५ मध्ये विधी आयोगानेही आपल्या २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याचा पर्याय कायद्यात आणावा, अशी शिफारस केली. तो आणावा का?

मागणीत तथ्य आहे. कौटुंबिक न्यायालयातल्या भेटीच्या खोलीत थोडा वेळ जरी बसलं तरी ते कळतं. बापाने हौसेने आणलेले बूट लेकाला होत नाहीत, कारण माप गेल्या दिवाळीचं. मूल आधी आईच्या तोंडाकडे बघतं, मगच खोका हातात घेतं. पुढे तासभर बोलायचं काय? ‘अभ्यास करतोस ना?’ यापलीकडे गाडी सरकत नाही. अशा भेटींनी ओळख राहते, नातं राहीलच असं नाही. त्यातही ताप, परीक्षा, मामाकडचं लग्न अशी कारणं पुढे करून भेट टाळणाऱ्या आया आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण संयुक्त ताबा कागदावर जितका सरळ दिसतो तितका तो नाही. घटस्फोटानंतर अनेकजणी माहेरी परततात. नाशिकचा संसार मोडून लातूरला आलेल्या बाईच्या मुलाचा आठवडा दोन गावांत वाटणार कसा? बापाच्या घरी त्याचा डबा, औषधं, गृहपाठ कोण बघणार? बहुधा आजीच. (तिला कुणी विचारलेलं नसतं, ते वेगळंच.) शिवाय ‘ताबा निम्मा, मग पोटगीही निम्मी’ हा हिशेब मांडला जाईल, ही आयांची भीती अनाठायी नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पोटगीच्या दाव्यांत दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असा दंडक घालावा लागला. उत्पन्न दडवण्याची खोड किती मुरलेली आहे, हे त्यावरून समजावं.

खरी विसंगती दुसरीकडे आहे. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईला देतो, पण नैसर्गिक पालक म्हणून आधी बाप आणि ‘त्याच्यानंतर’ आई, असा क्रम लावतो. गीता हरिहरन खटल्यात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाप जिवंत असला, तरी लक्ष घालत नसेल तर आईही पालक ठरू शकते, असा अर्थ लावला. कायद्यातली शब्दरचना मात्र तशीच राहिली. २०१६ पासून पासपोर्टच्या अर्जात एकाच पालकाचं नाव पुरतं. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. हे चांगलंच झालं. पण मधल्या रकान्यात नाव आलं म्हणून खिडकीपलीकडचा कारकून ‘वडिलांची सही कुठंय?’ विचारायचा थांबतो असं नाही.

म्हणून ‘ताबा समान’ हे सरसकट गृहीतक आज तरी कायद्यात येऊ नये, असं आमचं मत आहे. दोघं एकाच शहरात असतील आणि दोघांची तयारी असेल, तर न्यायालयाने तो पर्याय जरूर द्यावा. एरवी रोजचं करणारं माणूस जे असेल, त्याचीच एकट्याची सही शाळेत आणि दवाखान्यात चालली पाहिजे. परदेशी नेण्यासारख्या निर्णयाला दोघांची लागावी. बापाचा वेळ मात्र वाढलाच पाहिजे: रात्रीचा मुक्काम, मे महिन्याची निम्मी सुट्टी, अधूनमधून व्हिडिओ कॉल. जिथे मारहाणीचा इतिहास आहे तिथे देखरेखीखालची भेटच बरी.

आणि पोटगी थकली म्हणून भेट बंद, भेट बंद म्हणून पोटगी बंद, हा खेळ मोडायचा तर नोकरदार बापाची पोटगी थेट पगारातून कापून घेण्याचा आदेश पहिल्याच निकालात हवा. वसुलीसाठी आईला पुन्हा वकील गाठायला लावू नये.