मित्र, मिथ्रस आणि नावावरून जुळवलेली सोयरीक

डिसेंबर उजाडला की समाजमाध्यमांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. रोमन सैनिक ज्या मिथ्रसाला भजत तो म्हणजे ऋग्वेदातील मित्र. सबब वैदिक धर्म थेट ब्रिटनपर्यंत पोहोचला होता! सोबत बैल मारणाऱ्या देवाचे छायाचित्र. त्या छायाचित्राकडे नीट पाहण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

नावापुरते नाते खरे आहे. संस्कृत मित्र, अवेस्तातील मिथ्र आणि लॅटिन मिथ्रस यांचे मूळ एकच. बोगाझकोय येथे सापडलेल्या इ.स.पू. 14व्या शतकातील मितान्नी करारातही मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य साक्षीला आहेत. पण नाव प्रवास करते म्हणून उपासनाही त्याच्यासोबत जशीच्या तशी जाते, हे कशावरून? बेल्जियन विद्वान फ्रांझ क्यूमाँ यांनी 19व्या शतकाच्या अखेरीस या पंथाचे मूळ इराणात शोधले. 1971 सालच्या मँचेस्टर परिषदेत त्या सिद्धांतालाच सुरुंग लागला. फिरता मजकूर तर क्यूमाँच्याही पुढे जाऊन थेट सप्तसिंधू गाठतो.

जमिनीतून प्रत्यक्षात काय निघाले? लांबट, अंधारी, गुहेसारखी खोली. मधोमध अरुंद वाट, दोन्ही बाजूंना रेलून जेवण्यासाठी बांधलेले कट्टे, आणि समोर बैलाच्या अंगात सुरा खुपसणारा मिथ्रस. भोवती कुत्रा, साप, विंचू, कावळा. हे शिल्प लंडनच्या वॉलब्रुकपासून सीरियातील ड्यूरा-युरोपसपर्यंत आढळते. इराणात एकही नाही, भारतात एकही नाही. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील मित्रसूक्त माणसांना कार्यप्रवृत्त करणाऱ्या, पृथ्वी आणि द्युलोक धारण करणाऱ्या देवाचे आहे. त्यात ना गुहा, ना बैलाचा वध.

कालक्रमही या दाव्याच्या विरोधात जातो. पंथाचे निश्चित पुरावे इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरीपासून मिळतात. पंथ पूर्वेकडून आला असता तर पूर्वेची मंदिरे अधिक जुनी असायला हवीत. पण ड्यूरा येथील मंदिर दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे, आणि तेही रोमच्या सेवेतील पाल्मिराच्या धनुर्धरांचे.

सर्वांत बोलका पुरावा ऑस्टिया बंदरातला. तेथील फेलिसिसिमसच्या मंदिरात जमिनीवरील मोझेइकमध्ये दीक्षेच्या सात पायऱ्यांची चिन्हे आहेत: कावळ्यापासून पित्यापर्यंत. त्यांतल्या पाचव्या पायरीचे नाव ‘पर्शियन’! खऱ्याखुऱ्या पर्शियन पंथात ‘पर्शियन’ ही वेगळी पदवी कशाला लागेल? हा रोमनांनी आपल्या कल्पनेत रंगवलेला पूर्वदेश आहे. (25 डिसेंबर हा मिथ्रसाचा जन्मदिवस, ही त्याच मजकुराची शेपूट. एकाही मिथ्रस-मंदिरातील लेखात ती तारीख नाही.)

मग हा देव साम्राज्यभर कोणी नेला? हेड्रियनच्या भिंतीवरील कॅरॉबर्ग येथे 1949 साली एक छोटे मंदिर उजेडात आले. त्यातील तीन वेद्या बटावियन तुकडीच्या तीन अधिकाऱ्यांनी अर्पिल्या आहेत. ही तुकडी मूळची ऱ्हाईनच्या मुखाकडची. आजच्या स्लोव्हेनियातील प्तुई येथील सर्वांत जुन्या मंदिरात तर वेद्या अर्पण करणारे जकातखात्यातील गुलाम कारकून आहेत. सरहद्दीच्या नाक्यानाक्यांवर बदल्या होत गेलेली ही माणसे आपला देव सोबत घेऊन फिरली. ज्यांना वैदिक मित्र ब्रिटनला पोहोचवायचा आहे, त्यांनी या कारकुनांपैकी एकाच्या तरी लेखात ऋग्वेदाचा माग काढून दाखवावा.