दुसऱ्यांच्या मुलांची शाळा

न्यूयॉर्क राज्यात बहुतेक ठिकाणी मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी स्कूल बोर्डाची निवडणूक होते. त्याच दिवशी शाळांच्या बजेटवरही मतदान असतं. आपल्यातले बरेच जण घरीच बसतात. “आमची मुलं ज्यू डे-स्कूलला जातात,” किंवा “आमची केव्हाच शिकून मोठी झाली,” असं म्हणतात.

मला हे पटत नाही. रॉकलंड काउंटीतलं ईस्ट रामापो पाहा. तिथे बोर्डावर ऑर्थोडॉक्स ज्यूंचं बहुमत होतं. त्यांची मुलं येशिवांत शिकत. सरकारी शाळांत मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं. त्या शाळांतले शिक्षक आणि उपक्रम कमी होत गेले. २०२० मध्ये फेडरल न्यायालयाने तिथली निवडणूक पद्धत मताधिकार कायद्याच्या विरुद्ध ठरवली आणि नऊ वॉर्ड पाडायला लावले.

येशिवाचे पालकही कर भरतात. त्यांनी मत देणं, निवडून येणं यात गैर काहीच नाही. पण बोर्डाच्या खुर्चीत बसलं की सरकारी शाळेतलं प्रत्येक मूल आपलं मानावं लागतं.

बेने इस्राएलांना हे सांगायला नको. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकरांनी मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा झाली. आज तिथली बहुतेक मुलं ज्यू नाहीत, तरी त्या शाळेचा आपल्याला अभिमान आहेच ना?

मुलांनो, १८ वर्षांचे नागरिक असाल तर नाव नोंदवा. वडीलधाऱ्यांनो, मत नसलं तरी बोर्डाच्या सभा सर्वांना खुल्या असतात. एकदा जाऊन बसा.