एका वेळी एकच बदल

रिमोटवर चालणारी गाडी म्हटली की बहुतेक घरांत वाढदिवसाला आलेले आणि पंधरवड्यात माळ्यावर गेलेले खेळणे आठवते. शर्यतीची रेडिओ-नियंत्रित गाडी ही वस्तू निराळी. तिचा प्रत्येक भाग सुटा मिळतो, मोडला तर बदलता येतो आणि चाकांचे कोन, स्प्रिंगचा ताण, जमिनीपासूनची उंची हे सारे ठरविता येते. सपाट रस्त्यावर धावणारी ‘टूरिंग कार’ हा तिचा एक लोकप्रिय प्रकार. खऱ्या मोटारीच्या एक-दशांश आकाराची, हातभर लांबीची, चारही चाकांना गती मिळणारी ही गाडी विजेवर चालते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने अशा गाडीचा हट्ट धरला की घरातील वडीलधारे दोन प्रश्न विचारतात : खर्च किती, आणि त्यातून पदरात काय पडणार? दोन्ही प्रश्नांची उत्तरे गाडीच्या किमतीपेक्षा ती कशी जुळविली जाते यावर अधिक अवलंबून असतात.

खरेदीचा क्रम बहुतेक नवखे उलटा लावतात. आधी मनात भरलेली गाडी घेतात आणि मग ती पळवायची कुठे याचा शोध सुरू होतो. प्रथम जागा पाहावी. जिथे शर्यती होतात तिथला पृष्ठभाग डांबरी आहे की गालिचाचा, कोणत्या वर्गाच्या शर्यती होतात, कोणती मोटर आणि कोणते टायर यांना परवानगी आहे, हे तिथे जाऊन विचारावे. पुष्कळ ठिकाणी खर्चाला आळा बसावा म्हणून सर्वांना एकाच प्रकारचे टायर सक्तीचे असतात, मोटरवरही मर्यादा असते. ब्रशलेस मोटरवर २१.५, १७.५, १३.५ असे आकडे असतात. ते तारेच्या वेढ्यांचे. वेढे जितके कमी, तितकी मोटर वेगवान. नवख्याने वेढे अधिक असलेली मोटर घ्यावी. त्याच मैदानावर इतर कोणती गाडी चालवितात हेही पाहावे, कारण शर्यतीच्या दिवशी मोडलेला भाग शेजाऱ्याच्या पेटीतून मिळू शकतो.

पहिली गाडी म्हणून ज्या चॅसिसचे नाव जगभर घेतले जाते, ती म्हणजे जपानच्या तामिया कंपनीची टीटी-०२. शिझुओका शहरातील या घराण्याचा मूळ व्यवसाय लाकडाचा. १९४६ साली योशिओ तामिया यांनी सुरू केलेली ही पेढी लाकडी प्रतिकृतींकडे आणि पुढे प्लास्टिकच्या प्रतिकृतींकडे वळली. १९७६ साली तिने पोर्शे ९३४ ची पहिली रेडिओ-नियंत्रित गाडी बाजारात आणली. टीटी-०२ ही २०१३ सालची रचना आहे. तिची बैठक प्लास्टिकची, पसरट टबासारखी असते. मोटरची शक्ती पुढच्या आणि मागच्या चाकांकडे मधल्या दांड्यातून जाते. तो दांडा झाकलेला असल्याने खडे व धूळ आत शिरत नाहीत. संच सुटा येतो आणि मुलाला तो स्वतः जोडावा लागतो. ज्याने गाडी स्वतःच्या हाताने जोडली, त्याला ती मोडल्यावर कुठून उघडायची हे शिकवावे लागत नाही.

याउलट स्पर्धेसाठीच घडविलेल्या गाड्या, उदाहरणार्थ जपानच्या योकोमोच्या किंवा स्लोव्हाकियाच्या एक्सरेच्या, बहुधा बेल्टवर चालतात. त्यांत कार्बन फायबर व अ‍ॅल्युमिनियम यांचा वापर असतो आणि जवळजवळ प्रत्येक कोन बदलता येतो. त्यांची किंमत कित्येक पटींनी जास्त असते. त्या उत्तम आहेत यात शंका नाही. परंतु ज्याला अद्याप एका वेगाने दहा फेऱ्या पुऱ्या करता येत नाहीत, त्याच्या हाती वीस ठिकाणी फिरणारे स्क्रू देणे म्हणजे त्याला चुकण्याच्या वीस नव्या जागा देणे होय. टीटी-०२ मध्ये बदलता येण्याजोगे थोडेच असते. नवख्याच्या दृष्टीने हा तिचा गुण आहे.

संचाशिवाय होणाऱ्या खर्चातही क्रम असावा. फिरत्या भागांत प्लास्टिकचे बुश असतील, तर ते काढून बॉल बेअरिंग बसवावीत. घर्षण घटते आणि मोटर कमी तापते. त्यानंतर मैदानाला साजेसे टायर. गाडीचा जमिनीशी संबंध केवळ चार टायरमार्फत येत असल्याने तिथे वाचविलेला पैसा इतर कोणत्याही भागाने भरून निघत नाही. तिसरा खर्च चांगल्या चार्जरचा, आणि हा मुलाचा नसून घराचा प्रश्न आहे. लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या प्रत्येक सेलचा दाब भरल्यावर ४.२ व्होल्टच्या वर जाऊ नये, वापरताना ३ व्होल्टच्या खाली येऊ नये आणि ठेवून देताना सुमारे ३.८ व्होल्ट असावा. ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ५ अँपिअरनेच भरावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. खाली दुकान, वर घर आणि मागे मालाची खोली अशी जिथे रचना आहे, तिथे बॅटरी मालाजवळ किंवा सर्व झोपल्यावर कधीही भरू नये. अग्निरोधक पिशवीत, फरशीवर, कोणीतरी समोर बसलेले असतानाच ती भरावी.

आता जुळवणी. पहिली गोष्ट गाडी सरळ उभी आहे की नाही. दुकानातील काचेचा काउंटर यासाठी फार उपयोगी, कारण काच सपाट असते. त्यावर गाडी ठेवून पुढच्या टोकाला बरोबर मध्यभागी चाकूचे पाते घालून हळूच उचलावे. दोन्ही पुढची चाके एकाच क्षणी सुटली पाहिजेत. एक आधी सुटले तर बैठक पिळलेली आहे किंवा एका बाजूची स्प्रिंग अधिक दाबलेली आहे. मागेही तसेच तपासावे. हा दोष राहिला तर गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरेच वळण घेते. त्यानंतर बॅटरी व वरचे कवच बसवून जमिनीपासूनची उंची मोजावी. सपाट मैदानावर ५ ते ६ मिलिमीटर पुरते. चाके वरच्या बाजूस आत १ ते २ अंश झुकलेली असावीत. हा झुकाव योग्य आहे की नाही हे टायरच सांगतात : झीज रुंदीभर सारखी असली पाहिजे. मागची चाके समोरून २ ते ३ अंश आत वळलेली असली की वळणातून बाहेर पडताना गाडी स्थिर राहते.

गिअरचा हिशेब तर व्यापाऱ्याच्या मुलाला तोंडपाठ व्हावा असा आहे. टीटी-०२ च्या मोठ्या चक्राला ७० दाते, मोटरवरच्या लहान चक्राला २२ आणि आतील गुणोत्तर २.६. सत्तर भागिले बावीस गुणिले २.६ म्हणजे ८.२७. मोटरचे इतके फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. लहान चक्र २५ दात्यांचे लावले तर हाच आकडा ७.२८ होतो. सरळ पट्ट्यावर वेग वाढतो, पण मोटर अधिक तापते. पाच मिनिटांनंतर मोटरवर बोट टेकवून ठेवता येत नसेल, तर दाते कमी करावेत.

मैदानात उतरल्यावर खरी परीक्षा संयमाची असते. वळणात सुकाणू फिरवूनही गाडी सरळ जात असेल तर पुढच्या चाकांची पकड कमी आहे. पुढची स्प्रिंग मऊ करून पाहावी. शेपूट घसरून गाडी गरकन फिरत असेल तर मागची स्प्रिंग मऊ करावी. मात्र एका वेळी एकच बदल. टायर, स्प्रिंग आणि गिअर एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कळत नाही. बिघडली, तर परत कुठे यायचे तेही कळत नाही. म्हणून वही हवी : तारीख, हवा, टायर, काय बदलले, पाच फेऱ्यांच्या वेळा. बदल निरुपयोगी ठरला तर तोही लिहावा आणि गाडी पूर्ववत करावी. रोजमेळात तोट्याची नोंद टाळणाऱ्या दुकानाचे जे होते, तेच अशा वहीचे होते.

वेगाचा मोह किती महाग पडतो हे साध्या गणिताने दिसते. शर्यत पाच मिनिटांची, म्हणजे ३०० सेकंदांची. एक मुलगा १५ सेकंदांत फेरी मारतो, पण तीनदा कठड्यावर आदळतो आणि प्रत्येक वेळी ६ सेकंद गमावतो. त्याला उरतात २८२ सेकंद, त्यांत पुऱ्या होतात १८ फेऱ्या. दुसरा १५.६ सेकंदांत फेरी मारतो आणि कुठेही आदळत नाही. त्याच्या १९ फेऱ्या पुऱ्या होतात. दुसऱ्याची गाडी हळू होती, पण ती त्याच्या हाताला जुळलेली होती. नवख्याच्या जुळवणीचा हेतू एवढाच.

काही महिन्यांनी महागड्या चॅसिसची मागणी पुढे येईलच. त्या वेळी वडिलांनी किंमत विचारण्याआधी वही मागावी. फेऱ्यांच्या वेळा एकमेकींच्या जवळ आल्या आहेत का? आदळणे थांबले आहे का? अमुक वळणात मागच्या चाकांचा कोन बदलायला हवा होता, पण या गाडीत तो बदलता आला नाही, असे मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे का? तसे लिहिलेले असेल तर पैसे द्यायला हरकत नाही. मुलाला काय कमी पडते ते नेमके ठाऊक आहे. वही कोरी असेल, तर टायरची नवी जोडी घेऊन द्यावी आणि त्याच गाडीवर आणखी एक हंगाम काढू द्यावा.